८,७५,३९,३१९ ची कुंडली: मोठा आकडा वही-पेन घेऊन कसा उलगडायचा

समोर आठ-नऊ आकडी नंबर आला की आपण काय करतो, उजवीकडून एकं दहं शतं करत कोटीपर्यंत जातो, एकदा वाचतो आणि सोडून देतो. फार तर कुठल्यातरी साईटवर टाकतो, मग ती साईट लांबलचक यादी देते, मूळ अवयव हे, विभाजक इतके, त्यांची बेरीज अमुक, सम आहे का विषम आहे, आणि ती यादी वाचून डोक्यात काहीच राहत नाही. कारण त्यातली एक गोष्ट दुसरीला कशी चिकटलीये ते कोणी सांगतच नाही. म्हणून आज एकच आकडा घेऊ आणि शेवटपर्यंत हाताने सोडवू. नववी-दहावीचं गणित पुरेसं आहे. तेही विसरला असाल तर चालेल, भागाकार यायला हवा.

आकडा आहे ८,७५,३९,३१९. वाचायचा असा: आठ कोटी पंच्याहत्तर लाख एकोणचाळीस हजार तीनशे एकोणीस. हाच का ते पुढे कळेल, आत्ता सांगितलं तर मजा जाईल. आणि हो, कुंडली म्हणालो म्हणून लकी नंबर शोधत कोणी आलं असेल तर बेरीज शेवटी ९ येते, घ्या आणि निघा, बाकीच्यांनी बसा.

काय लागेल

वही, शक्यतो चौकटीची, म्हणजे अंकाखाली अंक येतो. पेन. कॅल्क्युलेटर वापरायला काही हरकत नाही, पण साधा आठ आकडी असेल तर लक्षात ठेवा, त्याची उडी ९,९९,९९,९९९ पर्यंतच, आपला आकडा त्यात जेमतेम मावतो आणि पुढे एक-दोन ठिकाणी उत्तर नऊ आकडी येणार आहे तिथे तो ‘ई’ दाखवून गप्प बसेल. दुकानात गल्ल्याशेजारी असतो तसला बारा आकडी असेल तर उत्तम.

पायरी १: आधी नीट उतरवून घ्या, आणि तीन गोष्टी बाजूला लिहून ठेवा

हसू नका, निम्म्या चुका इथेच होतात. आकडा लिहिला की अंकांची बेरीज करा: ८+७+५+३+९+३+१+९ = ४५, आणि ४+५ = ९. ही बेरीज दोनदा कामी येणार आहे.

दुसरी गोष्ट वर्गमूळ, अंदाजे. ९३५६ चा वर्ग ८,७५,३४,७३६ आणि ९३५७ चा वर्ग ८,७५,५३,४४९, म्हणजे आपला आकडा या दोघांच्या मधे. तिसरी गोष्ट घनमूळ. ४४४ चा घन ८,७५,२८,३८४ येतो, म्हणजे आपला आकडा ४४४ च्या घनापेक्षा किंचितच मोठा. हे शोधायला काही विद्या लागत नाही, ४०० चा घन सहा कोटी चाळीस लाख, ४५० चा नऊ कोटी अकरा लाखाच्या वर, मग मधे कुठेतरी, असं करत करत जायचं.

बेरीज ४५ आलीच आहे तर एक चेक लगेच करून टाका. आकडा स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भागला गेला तर त्याला हर्षद संख्या म्हणतात. हे नाव आपल्याकडचं आहे बरं का, नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिलेलं, हर्ष देणारी ती हर्षद. तेच कापरेकर, ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’वाले. आपला आकडा हर्षद आहे का? ४५ ने भागायचं तर ५ ने भाग जायला हवा, शेवटी ९ आहे, नाही जाणार. हर्ष नाही. पण थांबा जरा.

पायरी २: शेपटाकडे बघून फुकटात मिळतं ते घ्या

शेवटचा अंक ९, म्हणजे २, ५, १० हे सगळे बाद. एवढं सगळ्यांना येतं. पण शेवटचे दोन आणि तीन अंक यापेक्षा खूप जास्त बोलतात आणि तिकडे नवखे लोक बघतच नाहीत.

शेवटचे दोन अंक १९. ४ ने भागल्यावर बाकी ३. (१०० ला ४ ने भाग जातो, म्हणून आधीचे सगळे अंक सोडून द्यायचे.) आता कुठल्याही पूर्ण वर्गाला ४ ने भागा, बाकी ० तरी येते नाहीतर १. दोन वर्गांची बेरीज घेतली तर बाकी ०, १ किंवा २. तीन कधीच नाही. म्हणजे आपला आकडा दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येणारच नाही, विषय संपला, आठ कोटीपर्यंत शोधत बसायची गरज नाही.

शेवटचे तीन अंक ३१९. ८ ने भागा, बाकी ७. वर्गांना ८ ने भागल्यावर बाकी फक्त ०, १ किंवा ४ येते, हवं तर १ ते ८ चे वर्ग करून बघा. या तीनमधून कुठलेही तीन घेऊन (तोच परत घेतला तरी चालेल) बाकी ७ आणून दाखवा. १+१+१ = ३, ४+१+१ = ६, ४+४+१ = ९ म्हणजे परत १... जमत नाही. म्हणजे तीन वर्गांची बेरीजही नाही! चार लागतातच. चार नेहमी पुरतात हे लाग्रांज या गणितज्ञाने १७७० मध्ये सिद्ध करून ठेवलंय, त्याची काळजी नको.

ही गोष्ट लक्षात ठेवा, वर्गांच्या बाबतीत हा आकडा असा हट्टी आहे. घनांच्या बाबतीत काय होतं ते बघून तुम्हाला हसू येईल.

पायरी ३: तीनने सुरुवात, आणि २७ चा सापळा

अंकांची बेरीज ४५, ९ ने भाग जातो, म्हणजे आकड्यालाही ९ ने जातो. भागा:

८,७५,३९,३१९ ÷ ३ = २,९१,७९,७७३
परत ÷ ३ = ९७,२६,५९१

आता इथे बरेच जण थांबतात. का, तर ४५ ला २७ ने भाग जात नाही, म्हणून आकड्यालाही जाणार नाही असं गृहीत धरतात. चूक! अंकांच्या बेरजेचा नियम ३ आणि ९ पुरताच आहे, २७ ला तो लागू नाही. आहे त्या ९७,२६,५९१ ची नव्याने बेरीज करा: ९+७+२+६+५+९+१ = ३९, तीनने जातो.

९७,२६,५९१ ÷ ३ = ३२,४२,१९७

याच्या अंकांची बेरीज २८, आता तीन संपले. एकूण तीन तीन निघाले. ३२,४२,१९७ या आकड्याला वहीत गोल करून ठेवा, तो नंतर परत येणार आहे.

पायरी ४: सात-अकरा-तेरा एका फटक्यात

७ × ११ × १३ = १००१. हे एवढं एक पाठ केलंत तर पुष्कळ वेळ वाचतो. युक्ती अशी की आकड्याचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गठ्ठे करायचे आणि एक सोडून एक वजाबाकी करायची.

आणि इथेच आपल्या लोकांची हमखास गडबड होते. आपला स्वल्पविराम लाख-कोटीचा, पहिले तीन अंक आणि मग दोन-दोन. ८,७५,३९,३१९ हे गठ्ठे घेऊन युक्ती केली तर उत्तर साफ चुकणार. इथे तीन-तीनच हवेत: ८७ | ५३९ | ३१९. (मी पहिल्यांदा केलं तेव्हा दोन-दोनचेच गठ्ठे घेतले होते आणि युक्तीच खोटी आहे म्हणून मोकळा झालो होतो.)

३१९ − ५३९ + ८७ = −१३३

उणे चिन्ह विसरा, १३३ ला बघा. ७ ने जातो (७ × १९). ११ ने नाही, १३ ने नाही. म्हणजे मोठ्या आकड्यालाही ७ ने जातो, ११ आणि १३ ने जात नाही, तिघांचा निकाल एकदम. फक्त १३३ मधे १९ दिसला म्हणून १९ नेही जाईल असं समजू नका, १००१ मधे १९ नाहीये, त्याच्याबद्दल ही युक्ती काहीच सांगत नाही.

३२,४२,१९७ ÷ ७ = ४,६३,१७१

सातने परत जातो का? १७१ − ४६३ = −२९२, २९२ ला ७ ने भागून ५ उरतात. नाही.

पायरी ५: आता खरी हमाली

४,६३,१७१ उरलाय. याचं वर्गमूळ ६८० च्या जरा वर. नियम असा की आकडा मूळ नसेल तर त्याचा एक तरी मूळ अवयव वर्गमूळाच्या आत सापडलाच पाहिजे, म्हणून ६८० पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या. सुरुवातीला हीच मर्यादा ९३५६ होती हे आठवा, म्हणजे आपण किती वाचलो. प्रत्येक अवयव सापडला की लगेच भागून टाकायचा आणि मर्यादा खाली आणायची, कित्येक जण शेवटपर्यंत सुरुवातीचा मोठा आकडाच भागत बसतात आणि कंटाळून सोडतात.

१७ ने भागलं, बाकी ६. १९ ने बाकी ८. २३ ने बाकी २०. २९ ने बाकी १२. ३१ ने...

४,६३,१७१ ÷ ३१ = १४,९४१

आला! आता १४,९४१ चं वर्गमूळ १२२ च्या आसपास, ६८० ची मर्यादा धाडकन १२२ वर आली. ३१ परत करून बघा (अवयव परत येऊ शकतो, तीन आला होता तसा), बाकी ३०. ३७ ने पण बाकी ३०, दोन्हीकडे ३० बघून मला वाटलं मी चुकलो, पण नाही, योगायोग आहे. ४१ ने १७, ४३ ने २०, ४७ ने ४२, ५३ ने ४८, ५९ ने १४, ६१ ने ५७, आणि ६७ ने शून्य.

१४,९४१ ÷ ६७ = २२३

२२३ हा मूळच आहे, कारण ६७ च्या आतलं सगळं आपण आधीच तपासलंय आणि २२३ चं वर्गमूळ १५ पण नाही.

एक पडताळा शिकून घ्या, आपल्या आजोबांच्या पिढीला तो यायचा. प्रत्येक गुणाकाराला दोन्ही बाजूंच्या अंकांची बेरीज एका अंकापर्यंत आणायची. ६७ → १३ → ४. २२३ → ७. ४ × ७ = २८ → १० → १. तिकडे १४,९४१ → १९ → १०→ १. जुळलं. पण याच्यावर आंधळा विश्वास नको, मी स्वतः यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीये. झालं असं की पान उलटताना ४,६३,१७१ चा मी ४,६३,७११ केला, अंकांची अदलाबदल, बेरीज दोन्हीकडे २२ च, त्यामुळे पडताळा खुशाल जुळला, आणि मग १७ पासून ४७ पर्यंत काहीच जाईना. चहा दोनदा झाला तरी जाईना. अंक इकडचे तिकडे झाले तर हा पडताळा मुका असतो, म्हणून मधेमधे उलटा गुणाकारही करून बघत जा.

तर पूर्ण अवयव असे:

८,७५,३९,३१९ = ३ × ३ × ३ × ७ × ३१ × ६७ × २२३

पायरी ६: विभाजक किती आणि बेरीज किती (पटकन उरकू)

अवयव हातात आले की हे दोन प्रश्न म्हणजे डाव्या हातचा मळ. तीन तीनदा आहे, म्हणजे एखाद्या विभाजकात तीन शून्य, एक, दोन किंवा तीनदा येऊ शकतो, चार पर्याय. ७, ३१, ६७, २२३ प्रत्येकी असेल किंवा नसेल, दोन-दोन पर्याय. ४ × २ × २ × २ × २ = ६४ विभाजक.

बेरजेला पण तसंच: (१+३+९+२७) × (१+७) × (१+३१) × (१+६७) × (१+२२३) = ४० × ८ × ३२ × ६८ × २२४ = १५,५९,७५,६८०. हाच तो नऊ आकडी, आठ आकडी कॅल्क्युलेटर इथे मान टाकतो. यातून आकडा स्वतः वजा केला तर ६,८४,३६,३६१ उरतात, जे आकड्यापेक्षा कमी. म्हणजे बाकी सगळे विभाजक मिळूनही आकड्याएवढे भरत नाहीत, याला न्यून संख्या म्हणतात. बरोबर भरले असते तर परिपूर्ण, ६ किंवा २८ सारखी. विषम आकडे बहुतेक न्यूनच निघतात त्यामुळे यात फार काही थरार नाही, साईटवाल्या यादीत हे मोठ्या अक्षरात असतं म्हणून सांगितलं.

पायरी ७: ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप

१७२९ ची गोष्ट माहीत नाही असा माणूस कमी. रामानुजन लंडनजवळ पटनीला आजारी होते, त्यांचे सहकारी इंग्रज गणितज्ञ हार्डी भेटायला टॅक्सीने गेले, म्हणाले टॅक्सीचा नंबर १७२९ होता, काही खास नाही वाटला, आणि रामानुजन म्हणाले छे, तो तर दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येणारा सगळ्यात लहान आकडा. १ आणि १२ चे घन, तसेच ९ आणि १० चे घन. (१७२९ हर्षदही आहे, अंकांची बेरीज १९ आणि १९ × ९१ = १७२९. त्याला हर्ष मिळाला, आपल्याला नाही.)

मग पुढचा प्रश्न साहजिक, तीन प्रकारे जाणारा सगळ्यात लहान कुठला? तोच आपला ८,७५,३९,३१९. जॉन लीच यांनी १९५७ मध्ये तो शोधला. बघा ना, दोन प्रकारांना चार आकडी पुरला आणि तीनला थेट आठ कोटी.

आता हे तीन प्रकार मी सरळ सांगून टाकू शकतो, पण आपण शोधू, अवयव आहेत ना हातात. शाळेत घोकलेलं सूत्र काढा:

अ घन + ब घन = (अ + ब) × (अ वर्ग − अब + ब वर्ग)

शाळेत याचा उपयोग काय असं मी विचारलं होतं तर पेपरात दोन मार्काला येतं हे उत्तर मिळालं होतं. खरा उपयोग हा: आकडा दोन घनांची बेरीज असेल तर त्या दोन संख्यांची साधी बेरीज, म्हणजे अ + ब, ही आकड्याची विभाजक असलीच पाहिजे! आणि विभाजक तर एकूण ६४ च आहेत. आठ कोटीत शोधायचं होतं ते ६४ मधे आलं.

अजून कमी करू. अ + ब चा घन हा अ घन + ब घन पेक्षा मोठाच असतो, आणि आपला आकडा ४४४ च्या घनाच्या वर आहे, म्हणून अ + ब किमान ४४५. दुसऱ्या बाजूला, घनांची बेरीज ठरलेली असताना अ + ब सगळ्यात मोठं कधी होतं, तर दोघं सारखे असतील तेव्हा. हिशोब केला तर (अ + ब) चा घन आकड्याच्या चौपटीपलीकडे जाऊ शकत नाही. चौपट ३५,०१,५७,२७६, आणि ७०५ चा घन ३५,०४,०२,६२५ म्हणजे जास्त झाला. म्हणून जास्तीत जास्त ७०४.

आता ६४ विभाजकांपैकी ४४५ ते ७०४ मधे कोण कोण बसतं ते शोधा. स्वतः करून बघा, पाच मिनिटाचं काम, ७, ३१, ६७, २२३ यांचे एकट्याचे आणि जोडीचे गुणाकार घ्यायचे आणि त्यांना १, ३, ९, २७ ने गुणत जायचं. चौघंच मिळतात:

७ × ६७ = ४६९
९ × ६७ = ६०३
३ × ७ × ३१ = ६५१
३ × २२३ = ६६९

आणखी एक चाळणी आहे. कुठल्याही संख्येला आणि तिच्या घनाला ३ ने भागल्यावर बाकी सारखीच येते. आपल्या आकड्याला ३ ने पूर्ण भाग जातो, म्हणून अ + ब लाही जायला हवा. ४६९ ला जात नाही (४+६+९ = १९). तो गेला. उरले तीन.

तीनच उमेदवार, आणि प्रकारही तीनच हवेत, म्हणजे तिघंही पास झाले पाहिजेत. मला इथे पहिल्यांदा पोचलो तेव्हा खुर्चीत सरळ बसावंसं वाटलं होतं.

६०३ घेऊन पूर्ण करून दाखवतो. आकड्याला ६०३ ने भागा, १,४५,१७३ येतात. हे म्हणजे अ वर्ग − अब + ब वर्ग. ६०३ चा वर्ग ३,६३,६०९, हा अ वर्ग + २अब + ब वर्ग. दोघांची वजाबाकी म्हणजे ३अब: २,१८,४३६. तीनने भागा, अब = ७२,८१२. आता बेरीज ६०३ आणि गुणाकार ७२,८१२ असलेल्या दोन संख्या शोधायच्या. बेरजेच्या वर्गातून गुणाकाराची चौपट वजा केली की फरकाचा वर्ग मिळतो: ३,६३,६०९ − २,९१,२४८ = ७२,३६१, आणि हा बरोब्बर २६९ चा वर्ग. बेरीज ६०३, फरक २६९, म्हणजे मोठी संख्या (६०३ + २६९) ÷ २ = ४३६ आणि छोटी १६७.

पडताळा: १६७ चा घन ४६,५७,४६३. ४३६ चा घन ८,२८,८१,८५६. बेरीज ८,७५,३९,३१९. टाळी!

६५१ ला भागाकार १,३४,४६९ येतो, अब = ९६,४४४, फरकाचा वर्ग ३८,०२५ म्हणजे १९५ चा वर्ग, संख्या २२८ आणि ४२३. घन १,१८,५२,३५२ आणि ७,५६,८६,९६७.

६६९ चं तुम्ही करा. फरक १५९ आला पाहिजे आणि संख्या २५५ व ४१४. नाही आला तर बहुतेक भागाकारात चूक आहे, १,३०,८५१ यायला हवा.

म्हणजे बघा, ज्या आकड्याला दोन काय, तीन वर्गांतही मांडता येत नाही तो दोन घनांत तीन-तीन वेळा मांडता येतो. आणि चौथा प्रकार असूच शकत नाही हेही आपण वहीवरच सिद्ध केलं, कारण उमेदवारच संपले. ६७, ३१, २२३ हे अवयव नुसते यादीत पडून नव्हते, एकेका प्रकाराला एकेक जण धरून उभा होता: ६७ मुळे पहिला, ७ आणि ३१ मुळे दुसरा, २२३ मुळे तिसरा.

पायरी ८: गोल केलेला आकडा

३२,४२,१९७ आठवतो ना, २७ ने भागून उरलेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातल्या चारही संख्यांना तीनने भाग जातो: २२८, ४२३, २५५, ४१४. प्रत्येकाला ३ ने भागलं तर घन २७ ने भागला जातो. म्हणून

३२,४२,१९७ = ७६ घन + १४१ घन = ८५ घन + १३८ घन

म्हणजे आपण अवयव पाडत असताना अर्ध्या वाटेत जो आकडा लागला तो स्वतःच १७२९ च्या घराण्यातला निघाला, दोन प्रकारे जाणारा. १६७ आणि ४३६ ला मात्र तीनने भाग जात नाही, तो प्रकार २७ ने गुणल्यावरच जन्माला येतो. तर मोठ्या तीन प्रकारवाल्यामधे एक छोटा दोन प्रकारवाला लपलेला, आणि हे मला कुठल्याही यादीत दिसलं नसतं, भागाकार हाताने केला म्हणून मधला आकडा डोळ्यापुढे राहिला.

कॉम्प्युटरवर करणाऱ्यांसाठी दोन शब्द

लिनक्सवर ‘फॅक्टर’ नावाची कमांड असते, आकडा दिला की अवयव एका ओळीत. पडताळ्याला उत्तम. एक्सेलमध्ये करत असाल तर ते पंधरा अंकांपर्यंतच अचूक ठेवतं, सोळावा अंक गुपचूप शून्य करतं, काही बोलत नाही. आपल्या आकड्याला काही धोका नाही. पण पाच प्रकारे जाणारा सगळ्यात लहान आकडा १७ अंकी आहे, तो तिथे टाकलात तर अवयव भलत्याच आकड्याचे निघतील.

घरचा अभ्यास

चार प्रकारे जाणारा सगळ्यात लहान आकडा ६,९६३,४७२,३०९,२४८, स्वल्पविराम मुद्दाम तीन-तीनचे दिलेत, १००१ ची युक्ती तयार ठेवा. आपल्या पद्धतीने वाचला तर सहा लाख शहाण्णव हजार तीनशे सत्तेचाळीस कोटी तेवीस लाख नऊ हजार दोनशे अठ्ठेचाळीस. घाबरू नका, अवयव सगळे छोटे आहेत: २ दहा वेळा, ३ तीन वेळा, आणि मग ७, १३, १९, ३१, ३७, १२७. यात सोय आहे आणि त्रासही, कारण विभाजक एवढे होतात की ४४५-७०४ सारखी चाळणी लावूनही भरपूर उमेदवार उरतात, सगळे हाताने तपासायला सुट्टी काढावी लागेल. म्हणून चार बेरजा मी देतो: २१,५०४, २४,३८४, २८,२७२ आणि २९,९५२. प्रत्येकीतून दोन संख्या सहाव्या… नाही, सातव्या पायरीतल्यासारख्याच काढायच्या. पहिलीतून २,४२१ आणि १९,०८३ यायला हव्यात, बाकीच्या तीन वहीत.